‘गाणं म्हण’ : ‘लॉर्ड ग्रेगरी’ शिकताना संशोधन नेमकं कुठे असतं?

सिनॉप्सिसमध्ये ‘संशोधन पद्धती’ या मथळ्याखाली तुम्ही ‘अभ्यासविषय असलेलं गाणं स्वतः गायला शिकणे’ असं लिहिलंत, तर समितीतलं कुणीतरी विचारणारच : हे संशोधन झालं की छंद? प्रश्न खोचक वाटला तरी रास्त आहे. गाणं गाता आलं म्हणून गाण्याबद्दल काही सांगता येतंच असं नाही. उत्तम भाकरी थापणाऱ्या प्रत्येकाला ज्वारीचं रसायनशास्त्र कुठे ठाऊक असतं? तेव्हा ‘मी अनुभवातून शिकले’ एवढ्यावर समिती गप्प बसणार नाही, आणि तिने बसूही नये.

मग शिकण्यातून असं काय कळतं, जे वाचून किंवा नुसतं ऐकून कळलं नसतं? या लेखात मी एकाच गाण्याच्या आधारे उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे. गाणं आयरिश आहे, इंग्रजीत आहे, आणि दिसतं त्यापेक्षा बरंच अवघड आहे. माझा दावा छोटा आहे. गाणं शिकताना गायकाला निर्णय कुठे घ्यावे लागतात ते कळतं, आणि ती निर्णयाची जागा सापडली की समीक्षेला चांगला प्रश्न मिळतो. उत्तर मात्र दुसरीकडे शोधावं लागतं.

गाणं काय आहे?

‘लॉर्ड ग्रेगरी’ची गोष्ट थोडक्यात अशी. एक मुलगी कडेवर तान्हं मूल घेऊन भर पावसात एका मोठ्या घराच्या दाराशी आली आहे. ती ग्रेगरीला शोधते आहे. आतून उत्तर येतं की ग्रेगरी इथे नाही, तो लग्नाची नवरी आणायला स्कॉटलंडला गेला आहे, तू इथून जा आणि तुझी बेअब्रू समुद्रात बुडव. मुलगी विचारत राहते : या बाळाचं पुढे कोण करणार? जोडे, हातमोजे, केस विंचरणं, एकेक गोष्ट घेऊन विचारते. आम्ही एकमेकांचे रुमाल बदलले होते, अंगठ्या बदलल्या होत्या, याची आठवण देते. त्यानंतर एकदम ग्रेगरीच बोलायला लागतो. तो कुठेही गेलेला नव्हता, घरातच झोपला होता. आपण जिच्यावर प्रेम करतो ती दार ठोठावते आहे असं त्याला स्वप्न पडलं. आई म्हणते, झोप, ती कधीच बुडून मेली. तो आईला शाप देतो, घोड्यावर खोगीर चढवायला सांगतो, आणि गाणं संपतं.

हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या ३०५ बॅलडांचं संकलन प्रसिद्ध केलं. त्यात ही कथा ७६ व्या क्रमांकावर ‘द लास ऑफ रॉख रॉयल’ या नावाने आहे. अभ्यासक नुसतं ‘चाइल्ड ७६’ म्हणतात. मुलीच्या गावाचं नाव प्रत्येक रूपात वेगळं. आयर्लंडमध्ये ती कधी ऑक्रिमची असते, कधी कॅपोक्विनची. ऑक्रिमवाल्या गाण्याचं नाव ‘द लास ऑफ ऑक्रिम’. इंग्रजी घेऊन एम.ए. केलेल्यांना ते जेम्स जॉईसच्या ‘द डेड’ या कथेमुळे ओळखीचं असेल. त्याकडे पुढे येते.

कॅपोक्विनवालं रूप प्रामुख्याने ज्या बाईंच्या नावाशी जोडलेलं आहे त्या म्हणजे एलिझाबेथ उर्फ बेस क्रोनिन (१८७९–१९५६). कॉर्क परगण्याच्या पश्चिमेला, आयरिश बोलणाऱ्या मुलखात त्यांचं आयुष्य गेलं. आयरिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतली गाणी त्यांच्याकडे होती. शेमस एनिस, अ‍ॅलन लोमॅक्स, जीन रिची असे संग्राहक त्यांच्या घरी जाऊन गाणी मुद्रित करत. त्यांच्या गाण्यांचं पुस्तक नातवाने, इतिहासाचे अभ्यासक डाही ओ क्रोनीन यांनी, २००० साली सीडींसह काढलं. लोकगीतांवर काम करणाऱ्यांनी ते संपादनाचा नमुना म्हणून चाळावं.

कागदावर काय राहतं, काय जातं

चाइल्ड यांचं काम अफाट आहे, पण ते मुख्यतः शब्दांचं आहे. चाली त्यांनी फार थोड्या दिल्या. ती उणीव बर्ट्रांड ब्रॉन्सन यांनी १९५९ ते १९७२ दरम्यान चार खंडांत भरून काढली. म्हणजे शब्द एका संपादकाकडे, चाली दुसऱ्याकडे आणि गाणारी माणसं टिपेत. बॅलडच्या समीक्षेवर या वाटणीचा परिणाम झाला. बराच काळ समीक्षक बॅलड वाचत होते, ऐकत नव्हते.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. हॅरी अर्बथनॉट अ‍ॅकवर्थ यांनी पोवाड्यांची इंग्रजी भाषांतरं १८९४ साली ‘बॅलड्स ऑफ द मराठाज’ या नावाने छापली. बॅलड म्हणजे पोवाडा, हे समीकरण आपल्या अंगवळणी पडायला अशी भाषांतरं कारणीभूत आहेत. कामचलाऊ म्हणून ठीक आहे, पण आत्ताच्या मुद्द्यापुरतं ते दिशाभूल करतं. पोवाड्यात शाहीर समोर उभा असतो. डफ, तुणतुणं, झीलकरी असतात. कोण लढलं, कोण पडलं हे तो आपल्याला ठणकावून सांगतो, बरेचदा शेवटी स्वतःचं नावही घालतो. ‘लॉर्ड ग्रेगरी’त सांगणारा कुणी नाहीच. म्हणून मी इथे बॅलड हाच शब्द ठेवते. फार तर कथागीत म्हणा.

बॅलडची कथा पुढे कशी सरकते याचं वर्णन फ्रान्सिस गमिअर यांनी १९०७ मध्ये दोन क्रियापदांत केलं होतं : उड्या मारणं आणि रेंगाळणं. बाळाचं कोण करणार, याची यादी हे रेंगाळणं. दाराबाहेरच्या मुलीवरून थेट ग्रेगरीच्या स्वप्नावर येणं ही उडी. मधे मुलीचं काय झालं ते गाण्यात घडताना दिसत नाही, आईच्या तोंडून कळतं. एवढं सगळं कागदावरही दिसतं. त्यासाठी गायची गरज नाही, आणि अशा गोष्टी ‘गाऊन सापडल्या’ असं शोधनिबंधात लिहूही नका.

अवघड काय आहे?

आयरिश पारंपरिक गायनाबद्दल वाचायला लागलात की पहिल्यांदा ‘शान-नोस’ हा शब्द भेटेल. अर्थ साधा आहे, ‘जुनी रीत’. काटेकोरपणे बोलायचं तर तो आयरिश भाषेतल्या गायनासाठी वापरतात. क्रोनिनबाईंसारखी दुभाषी मंडळी इंग्रजी गाणं गातात तेव्हा ती रीत बऱ्याच अंशी सोबत येते, पण म्हणून ‘लॉर्ड ग्रेगरी’ला सरसकट शान-नोस म्हणणं बरोबर नाही. व्हायव्हात अशा ठिकाणी पकडतात.

या रीतीची जी वैशिष्ट्यं पुस्तकांत सापडतात ती अशी : साथीला वाद्य नाही. लय बोलण्याच्या अंगाने आत-बाहेर होणारी. एकाच चालीवर सगळी कडवी, पण प्रत्येक कडव्यात स्वरांची नक्षी थोडी निराळी. ल, म, न, र यांसारख्या व्यंजनांवर रेंगाळणं. शेवटचे शब्द कधीकधी गायचे सोडून नुसते बोलून टाकणं. प्रांताप्रांतात फरक आहेत. कॉनमाराच्या गायकांकडे नक्षीकाम जास्त, क्रोनिनबाईंचं गाणं त्यामानाने सरळ.

ही यादी वाचून कुणाही गाणाऱ्याला वाटेल, नक्षी जमली की झालं. आपल्याकडचं गाणं थोडंफार शिकलेल्याला तर मुरकी, खटका हाताशी असतात, त्यामुळे हे काम सोपंच वाटतं. अडचण दुसरीकडेच आहे.

आयरिशमध्ये गाणं गायला सांगताना ‘अबर अउरान’ म्हणतात. शब्दशः अर्थ, ‘गाणं म्हण’. आपल्याला हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागत नाही, कारण मराठीतही आपण गाणं म्हणतो, ओवी म्हणतो, आरती म्हणतो. पण जरा थांबून बघा. आरती ‘म्हणताना’ आपण ती सादर करत नाही. भावगीत मंचावर ‘गाताना’ सादर करतो, शब्दाशब्दाला भाव देतो. कीर्तनकार आख्यान रंगवताना पात्रांचे आवाज काढतो. म्हणणं, गाणं आणि आख्यान लावणं या तीन निराळ्या क्रिया आपल्याच भाषेत आहेत. ‘लॉर्ड ग्रेगरी’ला पहिली हवी आहे आणि आपला तयार गळा दुसरी-तिसरीकडे धावतो.

हे गाणं बसवायला घ्या, एक-दोन दिवसांतच जाणवेल. आतून उत्तर येतं त्या कडव्याला गळा आपोआप जड, करडा होऊ बघतो. बाळाच्या यादीपाशी लय ढिली पडते, आवाजात कंप येऊ पाहतो. ग्रेगरी बोलायला लागला की आवाज चढवावासा वाटतो. कुणी शिकवलेलं नसतं, वर्षानुवर्षं ऐकलेल्या गाण्यांनी ती सवय लावलेली असते. मग क्रोनिनबाईंचं ध्वनिमुद्रण परत लावा. त्यातलं काहीही त्या करत नाहीत. मुलगी, आई, मुलगा सगळे एकाच आवाजात, एकाच चालीवर, जवळपास एकाच चालण्याने येतात आणि जातात.

इथे निर्णयाची जागा सापडली. गळ्याला एक करायचं होतं, परंपरेतली गायिका दुसरं करते आहे. आता प्रश्न विचारता येतो : ती तसं का करते, आणि त्याने गाण्याचं काय होतं?

दाराआड कोण आहे?

क्रोनिनबाईंच्या रूपात निवेदकाचं एकही कडवं नाही. ‘ती म्हणाली’, ‘आई उत्तरली’ असं कुठेही येत नाही. सगळं गाणं म्हणजे बोलणं, आणि कोण बोलतंय ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. आतून उत्तर येतं तेव्हा ते कुणाचं? नोकराचं असू शकतं, दारवानाचं असू शकतं. आईचं आहे हे गाण्यात बऱ्याच नंतर उमगतं, ग्रेगरी जागा होतो तेव्हा. तोपर्यंत बाहेरच्या मुलीला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं : बंद दार आणि आतून एक आवाज.

आता समजा गायिकेने त्या कडव्याला म्हातारीचा, खाष्ट आवाज लावला. श्रोत्याला लगेच कळलं, ही सासू. मुलगी फसली, पण आपण नाही फसलो, आपण वरून बघतो आहोत. आवाज न बदलता म्हटलं तर आपणही मुलीसोबत दाराबाहेर उभे राहतो. खरं आणि खोटं एकाच चालीवर, एकाच आवाजात येतं, आणि त्यातलं खोटं वेगळं काढायला काहीच खूण नसते. भाव न दाखवणं हे या गायनाचं कोरडेपण आहे असा शेरा नवखे श्रोते मारतात. या गाण्यात तरी ते कोरडेपण कथेचाच भाग आहे.

छापील पाठ इथे नकळत ढवळाढवळ करतो. संपादक अवतरणचिन्हं घालतो. कुठे एकाचं बोलणं संपलं, कुठे दुसऱ्याचं सुरू झालं हे तो ठरवून टाकतो. वर प्रस्तावनेत कथासार असतं, त्यात ‘आई खोटं बोलते’ हे आधीच येऊन जातं. स्कॉटलंडमधल्या काही पाठांत तर निवेदकच आईला वाईट म्हणून मोकळा होतो. शब्दांच्या समीक्षेला ही सगळी एकाच कथेची किरकोळ पाठांतरं वाटतात. गाणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ती वेगवेगळी कामं आहेत. निवेदक असेल तर गायक सांगतो. नसेल तर गायक तिन्ही माणसं होतो आणि तरी कुणाचंच सोंग घेत नाही.

‘द लास ऑफ ऑक्रिम’मध्ये हे आणखी बारीक होतं. त्यातला आतला आवाज ‘ग्रेगरी इथे नाही’ असं सांगत नाही. तो मुलीकडे खूण मागतो : तू तीच असशील तर तुझ्या-माझ्यात काय देवघेव झाली ते सांग. म्हणजे आवाज ‘मी’ म्हणतो आहे, ग्रेगरी असल्याचं भासवतो आहे. शिवाय हे रूप बरेचदा आखूड म्हटलं जातं. तेवढंच ऐकलं तर खूण मागणारा स्वतः ग्रेगरीच आहे, तोच तिला ओळख दाखवत नाहीये, असा अर्थ लावता येतो. एका रूपात निरोप्याचं खोटं, दुसऱ्यात तोतयाचं खोटं, आणि आखूड रूपात कदाचित खोटं नाहीच, नुसता निर्दयपणा. अपराधी कोण, हे कडवी किती म्हणता त्यावर ठरतं.

आता या वाचनावर येणारा आक्षेप मीच मांडते, कारण समिती तो मांडणारच. क्रोनिनबाईंच्या शेजारीपाजारी हे गाणं कुणाला नवीन होतं? आयर्लंडमध्ये गाण्याआधी त्यामागची गोष्ट सांगण्याची रीतही आहे. ज्यांना गोष्ट पाठ आहे ते दाराआड कोण या प्रश्नावर फसतील कसे?

आक्षेप खरा आहे, आणि त्याने माझ्या दाव्याचा एक भाग गळून पडतो. ‘श्रोता फसतो’ हे वर्णन पहिल्यांदा ऐकणाऱ्यापुरतं, फार तर माझ्या-तुमच्यासारख्या परक्या श्रोत्यापुरतं खरं. ज्याला गोष्ट ठाऊक आहे त्याच्यासाठी परिणाम निराळा असणार. आतला आवाज खोटा आहे हे त्याला माहीत असतं, पण गायिका त्याला तसूभरही मदत करत नाही. मुलीला सावध करायला आवाजात एक भेग असावी असं त्याला वाटत राहतं, आणि ती येत नाही. दोन्ही श्रोत्यांच्या बाबतीत आवाज न बदलण्याचं महत्त्व टिकून राहतं, फक्त कारण बदलतं. दावा असा घासून घेतला की तो लहान होतो, पण उभा राहतो.

जॉईसच्या जिन्यावर

याचा साहित्याच्या समीक्षेला काय उपयोग? ‘द डेड’ उघडून बघा (‘डब्लिनर्स’, १९१४). मेजवानी संपत आली आहे. गॅब्रिएल खाली उभा आहे आणि जिन्यावर त्याची बायको ग्रेटा कान देऊन काहीतरी ऐकते आहे. वर बार्टेल डार्सी नावाचा टेनर ‘द लास ऑफ ऑक्रिम’ म्हणतो आहे. नंतर हॉटेलात ग्रेटा सांगते की गॉलवेतला मायकल फ्युरी हा मुलगा हे गाणं म्हणायचा. तो आजारी असताना तिला भेटायला पावसात येऊन उभा राहिला होता, आणि सतराव्या वर्षी वारला. गाण्यातली मुलगी पावसात बाहेर, इथे मुलगा पावसात बाहेर. हे साम्य समीक्षकांनी पूर्वीच दाखवलं आहे, त्यावर नवा पेपर लिहू नका.

गाणं म्हणून पाहिलेल्या वाचकाला आणखी दोन गोष्टी दिसतील. पहिली : जॉईस आपल्याला फक्त दाराबाहेरच्या मुलीच्या ओळी ऐकवतो. पाऊस, दव, गारठलेलं बाळ, बस. आतला आवाज कथेत येतच नाही, कारण लोकांच्या येण्याने गाणं मधेच तुटतं. वर म्हटल्याप्रमाणे अपराधी कोण हे कडव्यांवर ठरत असेल, तर जॉईसने निकाल देणारी कडवी कापली आहेत. गॅब्रिएल कोणत्या जागी आहे, झोपलेल्या ग्रेगरीच्या की दार अडवणाऱ्या आईच्या? कथा सांगत नाही. जे गाणं तिच्यात अर्धवट म्हटलं गेलं ते तिला सांगू देत नाही, असं मी म्हणेन.

दुसरी गोष्ट आवाजाची. डार्सीला सर्दी झाली आहे, घसा बसला आहे. त्याला शब्दांची खात्री नाही, आवाजाचीही नाही. जॉईस स्वतः टेनर होता, १९०४ मध्ये डब्लिनच्या ‘फेश क्योल’ संगीत स्पर्धेत गायला होता. मैफलीचा आवाज म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी त्याने डार्सीला तो वापरू दिला नाही. बसलेल्या घशाने माणूस सादर करू शकत नाही, तो फार तर गाणं म्हणू शकतो. ग्रेटाला त्यातून मायकल फ्युरी ऐकू येतो, हे मला त्यामुळेच पटतं. कसलेल्या टेनरच्या तानेत एक टेनरच ऐकू आला असता.

जॉन ह्यूस्टन यांच्या १९८७ च्या चित्रपटात डार्सीच्या भूमिकेत फ्रँक पॅटरसन आहेत, मैफलींतून गाजलेले आयरिश टेनर. चित्रपट चांगला आहे, जिन्यावर उभ्या अँजेलिका ह्यूस्टनचा चेहरा विसरता येत नाही. पण गाणं फार सुरेख आहे. स्वर भरीव, शब्द स्वच्छ, श्वास पुरेसा. अडखळणं गेलं. त्यामुळे आपण ग्रेटाचं ऐकणं बघायचं सोडून गाण्याला दाद द्यायला लागतो. कथेत जे कुणाच्या तरी घशात अडकलेलं होतं, ते पडद्यावर सादरीकरण झालं. वाद्यांची साथ देऊन गिटारवर म्हटलेल्या आजच्या अनेक आवृत्त्यांतही मला तीच अडचण वाटते. कडव्यांमध्ये वाद्याचा तुकडा आला की ‘आता दुसरं माणूस बोलणार’ ही सूचना मिळते. सुरावटीखालचे कॉर्ड्स दुःख कुठे आहे ते बोट दाखवून सांगतात. ऐकायला गोड, पण दार किलकिलं होतं.

याला संशोधन कधी म्हणायचं?

गायन-वादन शिकणं ही अभ्यासाची पद्धत म्हणून मांडली गेली त्याला आता साठ वर्षांच्या वर झाली. मॅन्टल हूड यांनी १९६० मध्ये ‘द्वि-संगीतिकता’ असा शब्द वापरून म्हटलं की परक्या संगीताचा अभ्यास करणाऱ्याने त्या संगीतात प्राथमिक का होईना, तयारी करावी. अफगाणिस्तानात रबाब आणि दुतार शिकलेल्या जॉन बेली यांनी २००१ मध्ये वाजवायला शिकणं हे संशोधनाचं तंत्र कसं होतं यावर लेख लिहिला. आयर्लंडपुरतं बोलायचं तर कॉनमाराचे गायक जो हीनी अखेरच्या वर्षांत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवत होते. त्यांची विद्यार्थिनी शॉन विल्यम्स आणि स्वतः शान-नोस गायक असलेले लिलिस ओ लीरा यांनी मिळून हीनींवर २०११ मध्ये पुस्तक लिहिलं. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूत ही नावं हवीत.

पण लक्षात घ्या, ही माणसं जिवंत गुरूंपुढे बसून शिकली. तुम्ही-मी पुण्यात किंवा नांदेडात खोली बंद करून हेडफोनवर शिकतो, त्याला त्यांच्या पद्धतीचं नाव देणं म्हणजे उसनी पुण्याई. ध्वनिमुद्रण रोज तेच गातं. हाडाची गायिका दर वेळी थोडं निराळं म्हणते. एकाच मुद्रणावरून शिकलात तर त्या दिवशीचा एक अपघातही तुम्ही परंपरा म्हणून पाठ कराल. म्हणून जे करता आहात त्याला ‘ध्वनिमुद्रणाधारित अनुसरण’ असं काहीतरी साधं नाव द्या आणि मर्यादा आधीच लिहा.

पद्धत म्हणून ती उभी राहावी यासाठी मी चार गोष्टी सुचवते.

एक, निर्णयांची वही ठेवा. प्रत्येक कडव्यापुढे तीन रकाने : गळ्याला काय करावंसं वाटलं, मुद्रणात काय आहे, फरक कुठे. गाणं ‘बसलं’ की या नोंदी करता येत नाहीत, कारण तोवर फरक जाणवेनासा होतो. पहिल्या पंधरा दिवसांतली वही सगळ्यात मोलाची.

दोन, किमान दोन रूपं आणि शक्य तितकी मुद्रणं घ्या. लोमॅक्स यांची १९५१ मधली आयर्लंडची मुद्रणं आज ऑनलाइन ऐकता येतात, डब्लिनच्या आयरिश पारंपरिक संगीत अभिलेखागारातही बरंच खुलं आहे.

तीन, उच्चारांची नक्कल करू नका. कॉर्कचा हेल काढायला गेलात की मिमिक्री होते आणि लक्ष भलतीकडे जातं. कोणतं अक्षर लांबतं, श्वास कुठे तुटतो एवढंच पकडा.

चार, आणि हे महत्त्वाचं : ‘माझ्या गळ्याला असं वाटलं’ हा परंपरेबद्दलचा पुरावा नाही. तो तुमच्या गळ्याबद्दलचा पुरावा आहे. त्यातून प्रश्न निघतो. पुरावा मुद्रणांतून, हस्तलिखितांतून, गायकांच्या बोलण्यातून यायला हवा. प्रबंधात ही दोन वाक्यं कधीही एकाच परिच्छेदात मिसळू देऊ नका.

तुमचा विषय आयर्लंड नसेल, बहुतेकांचा नसणारच. जात्यावरच्या ओव्या, भलरी, गोंधळ, काहीही असेल तरी ही वही चालेल. ओवीच्या छापील संग्रहात कुठे अवतरणचिन्हं घातली आहेत, ती कुणी घातली, आणि म्हणणारी बाई तिथे आवाज बदलते का, एवढं तपासलंत तरी एका प्रकरणाचा ऐवज मिळेल.

आणि समितीत कुणी विचारलं, हे संशोधन की छंद, तर वही पुढे करा. त्यातला एक फरक दाखवा, त्यावरून निघालेला प्रश्न सांगा, मग पुरावा. त्या क्रमाने. तिथे गाऊन दाखवायची गरज पडत नाही.